पिशवीतल्या टाचा

गव्हाण, ता. पनवेल, जि. रायगड

प्रति,
विमान कंपन्या, विमानतळावरच्या सेवा कंपन्या, हॉटेले आणि मॉल यांतील महिला कर्मचाऱ्यांचा गणवेश ठरवणारे अधिकारी,
तसेच या नोकऱ्यांसाठी मुलींना तयार करणारे क्लासचालक

विषय : उंच टाचेच्या पादत्राणांची सक्ती



परवा संध्याकाळी शेजारची मुलगी बुटांचे खोके काखेला मारून माझ्या ओटीवर आली. बावीस वर्षांची पोर. गावातल्या शाळेत शिकली, पुढे पनवेलला जाऊन पदवी घेतली, आता विमानतळावरच्या नोकरीसाठी एका क्लासला जाते. खोक्यात काळे, बंद, अडीच इंच टाचेचे बूट होते. म्हणाली, "काकी, तुम्ही हॉटेलात इतकी वर्षं घातल्यात. मला चालायला शिकवा. उद्या मुलाखत आहे."

जी मुलगी या गावच्या शेतांच्या बांधांवरून अनवाणी धावत मोठी झाली, तिला चालायला शिकवायचे होते. मी शिकवले. पाऊल लहान टाक, नजर समोर ठेव, आधी टाच टेकव मग चवडा, गुडघा वाकलेला दिसू देऊ नकोस. शहाबादी फरशीवर तिने आठ-दहा फेऱ्या मारल्या. पुढच्या फेरीला घोटा वळला आणि तिने भिंत धरली. पाय थोडक्यात वाचला. बूट काढला तेव्हा टाचेच्या मागे, शिरेवर, कातडे लाल होऊन वर आले होते. त्यावर बोट फिरवत तिने विचारले, "फोड येईल का हो? उद्या दिसेल का?" दुखेल का, असे तिने विचारले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून हे पत्र लिहायला घेतले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायला नको. उंच टाचांशी माझे वैर नाही. माझी आई मिठागरात कामाला जायची. पहाटे खाजणात उतरायची ती अनवाणीच. खाऱ्या पाण्याने तिच्या टाचांना भेगा पडत, भेगांत मीठ जाई. रात्री ती कोकमाच्या मुठेलाचा तुकडा चिमणीवर धरून वितळवायची आणि एकेका भेगेत भरायची. भरताना दात आवळून धरायची, तो आवाज मला अजून ऐकू येतो. 1994 मध्ये मला मुंबईतल्या एका हॉटेलात स्वागतकक्षावर नोकरी लागली. पनवेलच्या बाजारातून मी पहिल्यांदा दोन इंच टाचेची सँडल आणली. आईने ती हातात घेतली, उलटीपालटी केली, पदराने पुसली आणि दाराबाहेर न ठेवता कपाटात ठेवली, लुगड्यांच्या शेजारी. पोरीचा पाय आता चिखलात जाणार नाही, एवढाच तिच्या लेखी त्या टाचेचा अर्थ होता. मलाही त्या सँडलचा अभिमान होता. फरशीवर टक टक वाजायचे, मान आपोआप वर जायची. तो आनंद खोटा नव्हता, आणि आज एखादी मुलगी तो हौसेने घेत असेल तर मी तिला नावे ठेवणार नाही.

पण हौसेने घालणे वेगळे आणि हजेरीपत्रकावर सही करायच्या आधी घालावे लागणे वेगळे.

बायका अजून आपणहून उंच टाचा घालतात का, असे हल्ली पुष्कळदा विचारले जाते. उत्तर हवे असेल तर सकाळी सातच्या सुमाराला आमच्याकडून नेरूळला जाणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात या. खारकोपरपर्यंत गाडी 2018 मध्ये आली, जानेवारी 2024 मध्ये ती उरणपर्यंत गेली, तेव्हापासून कामाला जाणाऱ्या बायकांची डब्यात दाटी असते. त्यांच्या पायांकडे बघा. सपाट चपला, रबरी सपाता, कॅनव्हासचे बूट. मग त्यांच्या पिशव्यांकडे बघा. डब्याच्या पिशवीशेजारी दुसरी एक कापडी पिशवी असते, तिच्या तोंडातून काळ्या टाचेचे टोक बाहेर आलेले दिसते. कामाच्या ठिकाणी पोचल्यावर, दारातून आत शिरण्याआधी, भिंतीला हात टेकवून चपला बदलायच्या. कित्येक जणींनी तर आपली जोडी कामाच्या टेबलाच्या खालच्या खणातच ठेवली आहे, ती घरी कधी येतच नाही. जी वस्तू नोकरीच्या दारात चढवायची आणि त्याच दारात उतरवायची, ती आपल्या आवडीची आहे असे कोणती बाई म्हणेल?

आमच्या आगरी हळदीलाही या. मुली नटूनथटून, तीन-तीन इंच टाचांवर मांडवात येतात. फोटो काढून होतात. बेंजो सुरू झाला की पाच मिनिटांत मांडवाच्या कडेला सँडलींची रांग लागते आणि सगळ्या अनवाणी नाचतात. तिथे कोणी कोणाला थांबवत नाही. आवडीची गोष्ट अशीच असते, हवी तेव्हा घालावी आणि नको तेव्हा काढून ठेवावी. तुमच्या काउंटरवर काढता येत नाही.

मी एकोणीस वर्षे काढली. नऊ तासांची पाळी, पायाखाली ग्रॅनाइट, आणि स्वागतकक्षामागे एकही स्टूल नाही. पाहुणा आत येताना कर्मचारी बसलेली दिसता कामा नये, असा दंडक होता. रात्री बारानंतर लॉबीत चिटपाखरू नसे तेव्हाही उभेच. आम्ही एक पाय सँडलमधून काढून गार फरशीवर टेकवायचो, मग दुसरा. काउंटरच्या आड ते दिसत नसे. पाळी संपल्यावर सपाट चप्पल घातली की पोटऱ्या ओढायच्या, म्हणून मला बरीच वर्षे वाटायचे, की माझ्या पायाला सपाट चप्पलच सोसत नाही, टाचच बरी. खरा प्रकार पुढे वाचनात आला. रोज टाच घालणाऱ्या बायकांच्या पोटऱ्यांची तपासणी करून काही संशोधकांनी 2010 मध्ये 'जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल बायॉलॉजी' या नियतकालिकात मांडले, की त्यांच्या पोटरीच्या स्नायूंचे तंतू सुमारे 13 टक्के आखूड झालेले होते आणि टाचेची मोठी शीर ताठरली होती. पाय सतत उतारावर उभा असला की शरीर त्या उताराशी जुळवून घेते आणि मग सपाट जमीन त्याला परकी होते. माझ्या पायाची ती 'सवय' म्हणजे झालेली इजा होती.

शेवटच्या वर्षांत एकदा जिन्यावरून पडले. टाचेखालचे रबर झिजून आतला खिळा वर आला होता. स्टेशनबाहेरच्या चांभारदादांकडे दर दीड-दोन महिन्यांनी रबर बदलून घ्यायची, त्या महिन्यात पगाराला उशीर झाला म्हणून राहिले. गुळगुळीत संगमरवरावर खिळा सरकला. मनगट मोडले. प्लास्टर घालून कामावर गेले तेव्हा मला विचारले गेले, की पादत्राणांची निगा का राखली नाही. टाच घालायचा हुकूम त्यांचा, ती विकत घ्यायची मी, रबर बदलायचे मी, आणि पडले तर चूकही माझीच. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आले आहे, बोरासारखे. आज मी पुरुषांच्या मापाची रुंद चप्पल घालते, कारण बायकांच्या चपलेत ते पाऊल मावत नाही.

हे सगळे माझ्याबरोबर संपले असते तर मी गप्प बसले असते. पण परवा त्या मुलीने खोके उघडले.

आता तुम्हाला थेट विचारते. ही टाच नेमकी कोणाचा नियम आहे? त्या मुलीच्या क्लासने एक यादी दिली आहे. त्यात केसांचा अंबाडा, नखांचा रंग आणि 'हील्स अनिवार्य' असे लिहिले आहे. कोणत्या कंपनीचा नियम, असे तिने विचारले तर उत्तर मिळाले, "सगळीकडे असंच असतं." मुलाखतीला बोलावणाऱ्यांना विचारले तर ते म्हणतात, "क्लासमध्ये सांगितलं असेलच." म्हणजे नियम सगळे जण पाळून घेतात, पण त्याखाली सही कोणाचीच नाही. सही असती तर निदान विचारता तरी आले असते. माझी पहिली मागणी म्हणूनच एवढीशी आहे. नियम असेल तर कागदावर लिहा, किती इंच ते लिहा, आणि त्या कामाला ती टाच का लागते याचे कारण त्याच्याखाली लिहा. कारण लिहायला बसाल तेव्हा हात थांबेल, अशी माझी खात्री आहे.

उंचीसाठी म्हणावे, तर ती मुलगी सांगते की भरतीत उंची मोजताना बूट काढायला लावतात. केबिन क्रूसाठी मुलींची उंची साधारण 155 सेंटिमीटर मागतात, आणि त्यामागे रास्त कारण आहे. डोक्यावरच्या कप्प्यातल्या सुरक्षा साहित्यापर्यंत हात पोचला पाहिजे. तो अनवाणी पोचतो का हे तुम्ही स्वतःच बघून घेतलेले असते. मग टाच कशाला?

आणि विमानाचीच गोष्ट निघाली म्हणून. प्रवाशाच्या पुढच्या खिशात सुरक्षेच्या सूचनांचे जे कार्ड असते, ते काढून बघा. आपत्कालीन घसरगुंडीच्या चित्राजवळ उंच टाचेची एक सँडल काढलेली असते आणि तिच्यावर फुली असते. टाचेच्या टोकाने घसरगुंडीचे कापड फाटू शकते, उतरताना पाय मोडू शकतो, म्हणून ती काढून टाका, असे सगळ्या प्रवाशांना सांगितले जाते. विमानाला मान्यता मिळण्यासाठी अर्धी दारे बंद ठेवून 90 सेकंदांत सगळे बाहेर काढता येतात हे सिद्ध करावे लागते. त्या 90 सेकंदांत लोकांना बाहेर काढणारी तीच मुलगी असते. प्रवासी बाईने जी वस्तू पायातून काढायची, ती घालून ये असे क्रूच्या मुलीला सांगणे मला अजिबात पटत नाही. विमानात चढताना आणि उतरताना टाच, मध्ये सपाट, अशी तडजोड काही ठिकाणी असते हे मला ठाऊक आहे. पण संकट चढता-उतरतानाच्या वेळेतही येते.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आम्ही पेन्सिल हील मागत नाही, रुंद टाच चालते, ब्लॉक हील चालते. मीही हेच ऐकत आले. हार्वर्डच्या संशोधकांनी 1998 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की उंच टाचेने चालताना गुडघ्यावरचा भार वाढतो, आणि तोही नेमका जिथे म्हातारपणी गुडघ्याची झीज होते त्या जागी. 2001 मध्ये त्यांनी रुंद टाचेची तपासणी केली. पाय डगमगत नाही म्हणून बायकांना ती सुखाची वाटते, पण गुडघ्यावरचा वाढीव भार तिच्यातही तसाच निघाला. गुडघ्याच्या दृष्टीने प्रश्न उंचीचा आहे, जाडीचा नाही.

आणि हे बायकीपणाचे लक्षण वगैरे जे मानतात, त्यांनी थोडे मागे जावे. टाचेचा बूट मुळात इराणी घोडेस्वारांचा. रिकिबीत पाय अडकून राहावा आणि उभे राहून बाण सोडता यावा म्हणून ती टाच. सतराव्या शतकात तो युरोपात गेला आणि तिथल्या सरदारांनी उचलला. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट मिरवायचा. पुरुषांनी ती पुढे सोडून दिली, कारण त्यांना चालायचे होते आणि कामे करायची होती. कामे आता आम्हीही करतो.

इथे आमच्या गावाबद्दल थोडे सांगायला हवे, नाहीतर तुम्ही म्हणाल की नको असेल तर मुलींनी नोकरी करू नये. सिडको 1970 मध्ये आली. पनवेल, उरण आणि ठाण्याकडच्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या आंदोलनात माझे वडील होते. पुढे इथल्या विमानतळासाठी उलवे टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठली. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झाले, 25 डिसेंबरला पहिली विमाने उडाली, तेव्हा आमच्या गच्च्यांवर माणसे उभी होती. शेत गेले, खाडीतली मासेमारी आटली, मिठागरे गेली. जे उरले ते या नोकऱ्या. अशा घरातल्या मुलीला तुम्ही चार इंचांची टाच सांगितली तरी ती घालणार. तिच्यामागे आई-वडील, क्लासच्या फीचे हप्ते, आणि 'प्रकल्पग्रस्तांना नोकरी द्या' म्हणून चाळीस वर्षे मागणारे गाव उभे आहे. ती नकार देत नाही, याला तिची पसंती समजू नका. एवढी गरज असलेल्या माणसाकडून मिळालेला होकार जपून वापरायचा असतो.

तुम्ही हे बदलू शकता, हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच विमानतळावरून पहिल्या दिवसापासून उडणाऱ्या कंपन्यांत अकासा एअर आहे. 2022 मध्ये सुरू होतानाच या कंपनीने केबिन क्रूला पँट, जाकीट आणि सपाट स्नीकर बूट दिले. त्यामुळे एकही प्रवासी विमानातून उतरून गेला नाही. युक्रेनच्या स्कायअप कंपनीने 2021 मध्ये तेच केले. जपान एअरलाइन्सने 2020 मध्ये टाचेची अट काढली. त्याच्या आधीच्या वर्षी तिथे युमी इशिकावा नावाच्या तरुणीने मोठी चळवळ उभी केली होती. ती अंत्यविधीच्या व्यवस्था करणाऱ्या ठिकाणी अर्धवेळ काम करायची आणि तिथेही तिला टाच घालावी लागे. जपानीत बुटाला 'कुत्सू' म्हणतात आणि वेदनेला 'कुत्सूऽ'. त्या दोन शब्दांवरून तिने चळवळीला 'कुटू' असे नाव दिले. तिची याचिका सरकारकडे गेली तेव्हा तिथले मजूरमंत्री म्हणाले होते, की काही कामांना टाच गरजेची आणि उचित असते. वर्षाच्या आत देशातल्या एका मोठ्या विमान कंपनीला तसे वाटेनासे झाले.

लंडनची निकोला थॉर्प तर माझ्याच कामातली, स्वागतकक्षावरची. डिसेंबर 2015 मध्ये कामाच्या पहिल्याच दिवशी ती सपाट बूट घालून गेली, म्हणून तिला बिनपगारी घरी पाठवले. तिच्या अर्जावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. वेगळा कायदा तिथे झाला नाही, पण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणि फिलिपिन्सने 2017 मध्ये टाचेची सक्ती बंद केली. हे वाचले तेव्हा मी नोकरी सोडून चार वर्षे झाली होती. मला आधी रडू आले आणि मग राग आला, की आपण एकोणीस वर्षे विचारलेसुद्धा नाही.

आपल्या देशात विचारले गेले ते बसण्याबद्दल. कोळिकोडच्या कापड दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या बायकांना बसायला मनाई असे, लघवीला जायचीही चोरी. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केले, 'पेण्कूट्ट' ही संघटना उभी राहिली, लढा बरीच वर्षे चालला आणि 2018 मध्ये केरळ सरकारने कायदा करून बसायचा हक्क दिला. 2021 मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. कारखान्यातल्या कामगारांसाठी तर 1948 च्या कारखाना कायद्यातच, 44 व्या कलमात, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी असे म्हटले होते. यंत्रापुढच्या माणसाला पंचाहत्तर वर्षांपूर्वी जे मिळाले, ते चकचकीत काउंटरमागच्या मुलीला मागावे लागते. टाच आणि खुर्ची हे दोन प्रश्न वेगळे काढू नका. टाचेवर नऊ तास उभे राहायला लावणे आणि बसू न देणे हे एकाच समजुतीतून येते, की या कामात मुलगी म्हणजे बघायची वस्तू.

ही समजूत जुनी आहे, आणि कोर्टातही गेलेली आहे. एअर इंडियात हवाई सुंदरीला 35 व्या वर्षी निवृत्त व्हावे लागे, पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी जाई, आणि पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी संपे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटल्यात 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाच्या अटीला मात्र त्या वेळी धक्का लागला नाही. या अटी पुढे बदलत गेल्या. त्या अटी घालणारेही तेव्हा म्हणत असतील, की या कामाला हे लागतेच. आज त्या अटी वाचून दाखवल्या तर तुमच्याच कार्यालयातल्या मुली थक्क होतील.

तेव्हा माझ्या विनंत्या एकदा नीट सांगते. गणवेशाच्या यादीतून टाचेची अट काढा. ज्या मुलीला घालायची तिला घालू द्या, जिला नको तिला काळा, बंद, सपाट, रुंद चवड्याचा बूट घालू द्या, आणि दोघींना मुलाखतीत एकसारखेच गुण द्या. बूट तुमच्या सांगण्यावरून घ्यायचा असेल तर पैसे तुम्ही द्या, आणि माप तिचे पाऊल बघून घ्या. काउंटरमागे एक उंच स्टूल ठेवा. पडली तर तो कामावरचा अपघात म्हणून नोंदवा.

क्लास चालवणाऱ्यांना वेगळी विनंती आहे. तुम्ही या मुलींच्या आयुष्यातले पहिले वरिष्ठ आहात. तुम्ही जे सांगता ते त्या पुढे कायम खरे धरतात. शेजारच्या त्या मुलीने मला आणखी एक सांगितले. वर्गात ज्या मुलीला टाचेवर चालता येत नाही, तिला सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा चालायला लावतात आणि बाकीच्या हसतात. ते बंद करा. इंग्रजी शिकवा, प्रवाशाशी बोलायला शिकवा, चक्कर आलेल्या माणसाला कसे झोपवायचे ते शिकवा, नेमणुकीच्या पत्रातले बारीक अक्षर वाचायला शिकवा. या मुली हुशार आहेत. त्यांच्या शिक्षणाचे तास चालण्यात घालवू नका.

आणि एक शब्द आपल्या घरांबद्दल, कारण सगळा दोष तुमच्यावर टाकणे बरोबर होणार नाही. मुलगी बघायला येताना 'उंची किती' विचारणारे आपणच. मग स्वागत समारंभाला नवरदेवाच्या खांद्याला लागावी म्हणून नवरीला चार इंचांवर चढवणारेही आपणच. स्टेजवर तीन तास उभी राहून, पाहुणा वळला की शालूच्या आत पाय बदलणाऱ्या किती नवऱ्या मी पाहिल्या आहेत. माझ्या भाचीच्या लग्नात मी तिच्या शालूखाली साधी सपाट चप्पल सरकवली. फोटोत ती नवऱ्याच्या दंडापर्यंत येते. फोटो चांगला आला आहे.

शेजारच्या मुलीची ती मुलाखत झाली. टाचेला पट्टी लावून, बूट पिशवीत घालून गेली. आमच्या रस्त्यावर बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग असते, कडेने धूळ आणि खडी, तिथून ती सपातांनी चालत स्टेशनवर गेली. संध्याकाळी आली तेव्हा पट्टी रक्ताने चिकटली होती, मी कोमट पाण्याने सोडवली. काय काय विचारले, असे मी म्हणाले तर ती खुशीत होती, सगळी उत्तरे आली होती. पुढच्या फेरीला बोलावले आहे, दहा दिवसांनी. जखम तोवर पुरती भरणार नाही. काल तिने पुन्हा विचारले, "काकी, त्या दिवशी सपाट घालून गेले तर चालेल का? की नापास करतील?"

मी तिला अजून काही सांगितलेले नाही, कारण याचे उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. तिच्या मुलाखतीच्या आधी ते कळवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गव्हाणची एक रहिवासी,
पूर्वाश्रमीची स्वागतिका